जॅकेट गळत नाहीये, तरी आतून चिंब का? पावसाळी ट्रेकमधला घाम आणि त्यावरचे उपाय

"ताई, हे पण गळतंय गं."

राजमाचीच्या वाटेवर, कोंढाणे लेण्यांच्या वरच्या चढावर माझी मावसबहीण वैतागून थांबली. तिचं हे तिसरं जॅकेट. पहिला साधा प्लास्टिकचा रेनकोट, मग दुचाकीवर घालतात तसला जाड सूट, आणि या खेपेला दुकानदाराने "वॉटरप्रूफ आहे आणि हवाही खेळते" म्हणून दिलेलं चांगलं महागातलं. मी तिला एक हात बाहेर काढून बाही उलटी करायला सांगितली. आतल्या राखाडी अस्तरावर बारीक थेंब दाटीवाटीने बसले होते, उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर आतून दिसतात तसे. दुसऱ्या हाताची मनगटाची पट्टी सैल केली, तर कोपरापाशी साठलेलं चमचाभर पाणी तळहातावर उतरलं. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट लागलं. पाऊस खारट नसतो.

जॅकेट गळत नव्हतंच. ते सगळं पाणी तिच्याच अंगातलं होतं.

दर जुलैत ही तक्रार कुणाची ना कुणाची असतेच. लोक जॅकेट बदलतात, जास्त पैसे घालतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मग गडावर पोचल्यावर वाऱ्यात कुडकुडत बसतात आणि "पावसाळ्यात ट्रेक नको" असं ठरवून टाकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सह्याद्री खरा बघायचा तो याच चार महिन्यांत. म्हणून गेल्या काही पावसाळ्यांत जे करून पाहिलं आणि ज्याचा उपयोग झाला ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी निदान: पाऊस की घाम?

उपाय दोन्हींचे वेगळे आहेत, म्हणून हे आधी पक्कं करा. जिभेची परीक्षा मी वर सांगितलीच. दुसरी खूण ओल कुठे आहे ही. पाऊस आत शिरतो तो ठरावीक जागांतून: खांद्यावरची शिवण, चेनच्या रेषेवर, मानेच्या मागे, खिशांच्या तोंडाशी. तिथे ओलीचा पट्टा किंवा डाग दिसतो आणि बाजूचं कापड कोरडं असतं. घाम तसा नसतो. पाठ, छाती, कोपराच्या आतली बाजू, पोटावर सॅकचा पट्टा येतो तिथे, सगळीकडे सारखी चिकचिक. बाहीत थेंब दिसले तर नव्वद टक्के वेळा तो घामच, हा माझा अंदाज.

खात्री करायची असेल तर घरी करा. कोरड्या बनियनवर जॅकेट घालायचं, आत खांद्यांवर आणि छातीवर वर्तमानपत्राचे कागद ठेवायचे, आणि शॉवरखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. हालचाल नाही, म्हणजे घामही नाही. कागद कोरडे राहिले तर जॅकेटची तक्रार मिटली. कागद खांद्यावर ओला झाला तर शिवणीच्या आत लावलेली पट्टी सुटली आहे का ते पाहा. थोडी सुटली असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्रीने ती पुन्हा चिकटते. पण जॅकेटच्या आतला लेपच पापुद्र्यांसारखा सुटून अंगाला चिकटत असेल, तर ते जॅकेट बाद समजा. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप असा हळूहळू विरतो, आणि ओलं जॅकेट घडी करून पिशवीत कोंबून ठेवलं असेल तर लवकर विरतो. त्यावर घरगुती इलाज मला सापडलेला नाही.

एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही ती बाहीची. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढताना हात डोक्याच्या वर असतात. शिडीवरून ओघळणारं पाणी तळहातावरून थेट मनगटात शिरतं आणि काखेपर्यंत जातं. कुठल्याही किमतीचं जॅकेट याला अडवत नाही. शिडी किंवा कातळाचा टप्पा आला की आधी मनगटाच्या पट्ट्या घट्ट आवळा, आणि तो पार झाला की लगेच सैल करा. सैल का, ते पुढे येईलच.

"हवा खेळते" म्हणजे नेमकं काय

अशा जॅकेटच्या कापडात एक पातळ पडदा असतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेलं पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखलं जाणारं प्लास्टिक) झटक्यात ताणून असा सच्छिद्र पडदा मिळवला आणि १९७० च्या दशकात त्याचे कपडे बाजारात आले. आता इतरही पडदे आणि लेप आहेत. तत्त्व साधारण एकच: पाण्याचा थेंब बाहेर अडतो, वाफ आतून बाहेर जाते. पण वाफ आपणहून जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तेवढीच ती जाते.

इथेच आपली गोची आहे. घामाने ओल्या झालेल्या, ३३ अंश तापमानाच्या त्वचेपाशी वाफेचा दाब सुमारे ५० हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) असतो. ५ अंशांच्या थंड पावसात, हवा पूर्ण दमट असली तरी, बाहेरचा दाब जेमतेम ९. फरक ४१ चा, वाफ झपाट्याने बाहेर पडते. आता सह्याद्रीतला जुलै घ्या. २४ अंश तापमान आणि धुक्याने भरलेली हवा: बाहेरचा दाब ३०. फरक उरला २०, म्हणजे निम्म्याहून कमी. कोकणातल्या पायथ्याला २७ अंश असतील तर फरक १४-१५ वर येतो. थंड देशांत गुणी ठरलेलं तेच जॅकेट कर्जतच्या जंगलात नुसती पिशवी होऊन बसतं, त्याचं कारण हे. वस्तू खोटी नाही, हवा वेगळी आहे.

लेबलवर १०,००० असा आकडा असतो, तोही नीट वाचायला हवा. असे आकडे दोन असतात. मिलिमीटरमध्ये लिहिलेला म्हणजे किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. ग्रॅममध्ये लिहिलेला म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती वाफ बाहेर जाते. या दुसऱ्या १०,००० ला २४ ने भागा: तासाला ४१७ ग्रॅम. तेही प्रयोगशाळेतल्या ठरवून दिलेल्या हवेत, नव्या कोऱ्या कापडातून. सॅक पाठीवर चढवली की पाठीचा सगळा भाग आणि पट्ट्यांखालचा भाग बंदच. आणि दमट हवेत खडा चढ चढताना माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. येणारं पाणी हजार ग्रॅम आणि जाण्याची वाट उत्तमातल्या उत्तम परिस्थितीत चौरस मीटरमागे चारशेची. उरलेलं आतच राहणार.

त्यात आणखी एक भर पडते. जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारी एक प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे नव्या जॅकेटवर थेंब अळूच्या पानावरच्यासारखे गोल होऊन घरंगळतात. वापराने, धुण्याने, सॅकच्या पट्ट्यांच्या घासण्याने ती जाते. मग बाहेरचं कापड पाणी पितं, गडद दिसायला लागतं आणि अंगाला थंडगार लागतं. पडदा शाबूत असतो, पाऊस आत येत नाही, पण ओल्या थरामुळे वाफेची वाट अडते आणि त्या थंड झालेल्या कापडावर आतून वाफेचे थेंब धरतात. बहुतेक जण "गळायला लागलं" म्हणतात ते या अवस्थेला.

चढताना जॅकेट काढा

मुख्य उपाय हाच, आणि पटायला सगळ्यात अवघडही. लोक म्हणतात, पाऊस पडतोय आणि जॅकेट काढू? हो, काढा. खडा चढ असेल, वारा नसेल, पाऊस मध्यम असेल, तर पातळ सिंथेटिक टीशर्टवर चढा आणि भिजा. तुम्ही भिजणारच आहात, जॅकेटच्या आत घामाने किंवा जॅकेटशिवाय पावसाने. पावसाने भिजण्यात दोन फायदे आहेत. अंग तापत नाही, त्यामुळे घाम कमी येतो आणि दम टिकतो. आणि जॅकेट आतून कोरडं राहतं, म्हणजे माथ्यावर वाऱ्यात जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा ते कामाला येतं.

आमच्या भागातल्या ट्रेकमध्ये जॅकेटचं काम चढताना नसतंच. ते असतं थांबल्यावर, धारेवर, माचीवर, उतरताना. चढताना अंगातली भट्टी पेटलेली असते, १८-२० अंशांच्या पावसात ओल्या टीशर्टनेही थंडी वाजत नाही. थांबल्यावर पाच मिनिटांत वाजते. म्हणून मी क्रम उलटा केला आहे: निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत आपोआप ऊब येते. निघतानाच छान उबदार वाटत असेल तर पंधरा मिनिटांनी तुम्ही घामाघूम होणार हे नक्की.

आणि जॅकेट चढवायचं ते माथ्यावर पोचून नाही, माथ्याच्या अलीकडे. कळसूबाईला शेवटच्या टप्प्याआधी विहिरीपाशी थोडी सपाटी आहे, तिथे थांबायचं, टीशर्ट पिळून किंवा बदलून जॅकेट घालायचं आणि मग शेवटची शिडी. १,६४६ मीटरवरच्या त्या मंदिरापाशी वारा असा असतो की बोटं बधिर होऊन चेनसुद्धा लागत नाही. तिथे उभं राहून सॅक उघडणं म्हणजे सॅकमधलं सगळं भिजवणं. प्रत्येक गडाला अशी एक अलीकडची जागा असते, खिंडीच्या खाली, दरवाज्याच्या आत, कड्याच्या आडोशाला. ती हेरून ठेवायची सवय लावा.

चालीचाही संबंध आहे. धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. वाक्य मधे तुटायला लागलं की वेग कमी. गट मोठा असला की पुढचे धावतात, मग थांबून मागच्यांची वाट बघतात. त्यात पुढचे घामाने भिजून थंड होतात आणि मागचे विश्रांतीशिवाय ताणले जातात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवलं की हा प्रश्न निम्मा सुटतो.

पाऊस इतका झोडपत असेल की जॅकेट काढणं शक्यच नाही, तर ते जमेल तितकं उघडा. काखेखाली चेन असेल तर पूर्ण उघडी. मनगटं सैल, बाह्या कोपरापर्यंत वर. समोरची चेन छातीपर्यंत खाली, फक्त गळ्याशी एक चिकटपट्टी लावलेली. जॅकेटची टोपी डोक्यावरून काढून त्याऐवजी पुढे झडप असलेली साधी टोपी घाला. डोक्यामानेतून निघणारी ऊब वर जायला वाट मिळते आणि चष्म्यावर पाणीही येत नाही. सॅकचा कमरेचा पट्टा चढावर थोडा सैल ठेवला तर खालून हवा शिरते. वजन जास्त असेल तर मात्र हे करू नका, खांदे भरून येतात.

जॅकेट, पोंचो, छत्री

आपल्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. भातलावणीला घालायचं इरलं आठवा: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकलेली आणि पुढून सगळं उघडं. वाकून तासन्‌तास चिखलात राबणाऱ्या माणसाला घाम येणार हे गृहीत धरूनच ते केलेलं आहे. अंगाला ते चिकटत नाही, मधून वारा वाहतो. आता शेतात बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद दिसतो, पण तोही डोक्यावरून पाठीवर सोडलेला, पुढे मोकळा. बाह्या नाहीत, चेन नाही.

ट्रेकला त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पोंचो. सॅकसकट अंगावरून येतो, खालून मोकळा, पाठीला हवा लागते, आणि सॅकही कोरडी राहते. जंगलातल्या रुळलेल्या वाटेवर, लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीवरच्या उधेवाडी गावाला जाणाऱ्या लांबलचक पण बऱ्याचशा सपाट रस्त्यावर, माझ्या मते पोंचोला तोड नाही. पण माथ्यावरच्या वाऱ्यात तो पतंगासारखा उडतो, आणि चढउताराच्या कातळावर पायाखालचं दिसत नाही. तिथे तो घालू नका. पाय घसरण्यापेक्षा भिजणं केव्हाही बरं.

छत्रीबद्दल ट्रेकवाले नाक मुरडतात, मला ते पटत नाही. वारा नसलेल्या दाट झाडीत, रुंद वाटेवर छत्रीइतकी हवेशीर वस्तू दुसरी नाही. एक हात अडकतो ही अडचण खरीच, त्यामुळे चढाच्या, दगडांच्या वाटेवर ती मिटलेलीच हवी. विजा चमकत असतील, विशेषतः जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर, तर उघड्या पठारावर छत्री अजिबात नको.

जॅकेट घेणारच असाल तर रंगाआधी काखेखालच्या चेन आहेत का ते बघा. एक माप मोठं घ्या, म्हणजे आत हवा फिरेल. दमट हवेत पडद्याच्या आकड्यांपेक्षा या चेनच जास्त वाफ बाहेर काढतात, त्यामुळे दुप्पट किमतीच्या पडद्यासाठी पैसे घालण्याआधी विचार करा.

आतले कपडे

सुती बनियन, सुती टीशर्ट, जीन्स: तिन्ही घरी ठेवा. सूत पाणी आपल्या धाग्यात ओढून घेतं आणि सोडत नाही. पॉलिस्टर धाग्यात जवळजवळ काहीच घेत नाही, पाणी धाग्यांच्या मधे अडकतं, म्हणून पिळलं की निघतं आणि अंगाच्या उबेने उरलेलं वाळतं. घरीच करून बघा. दोन्ही टीशर्ट बुडवून, सारखे पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, मग पंख्याखाली दोन तास टांगून पुन्हा ठेवा.

बायकांसाठी एक मुद्दा, जो सहसा कुणी बोलत नाही. सगळ्यात जास्त वेळ ओली राहते ती आतली सुती, पॅड असलेली ब्रा. टीशर्ट बदलला, जॅकेट घातलं, तरी छातीवर तो थंड ओला पट्टा राहतो आणि थंडी जात नाही. पातळ, बिनपॅडची सिंथेटिक घाला आणि बदलायला दुसरी न्याच. पोंचो असेल तर त्याच्या आत उभ्या उभ्या बदलता येतं, आडोसा शोधावा लागत नाही.

पायाला वॉटरप्रूफ पँट मी सह्याद्रीत घालत नाही. मांड्यांचे स्नायू सगळ्यात मोठे, सगळ्यात जास्त तापणारे, आणि त्यांनाच प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं? पातळ, लवकर वाळणारी ट्रॅक पँट पुरते. मांड्या आतून घासून लाल होत असतील तर निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा. टाल्कम पावडर नको, ओल लागली की तिचा लगदा होतो आणि जास्त लागतं.

बुटांचंही तसंच. वॉटरप्रूफ बूट ओढा ओलांडताना वरून भरतात आणि मग ते पाणी बाहेर जाऊ देत नाहीत, दिवसभर पाय डबक्यात. जाळीचे, पाणी निथळून जाणारे, शेवाळावर पकड धरणारे बूट बरे. प्रत्येक थांब्यावर मोजे पिळा. मुक्कामी पोचल्यावर पाय पुसताना बोटांच्या बेचक्यातलं पाणी टिपून घ्या आणि रात्रभर पाय उघडे ठेवा. दोन दिवसांच्या ट्रेकनंतर चिखल्या होतात त्या इथल्या हयगयीने.

कोरडा जोड

चालताना भिजायचं हे एकदा मान्य केलं की कोरडं काय ठेवायचं हे ठरवणं सोपं जातं: एक पूर्ण जोड कपडे, आतल्या कपड्यांसकट, एक मोजे, एक कानटोपी, एक छोटा पंचा. हे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड पिळून, दुमडून रबर लावून. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. सॅकवरच्या रेन कव्हरवर विसंबू नका. कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडची नाही. पाठीवरून ओघळणारं पाणी आणि घाम दोन्ही त्या बाजूने आत जातात, आणि कव्हरच्या तळात साठलेलं पाणी सॅक वर ओढून घेते.

हा जोड मुक्कामी पोचल्याशिवाय किंवा खरंच कुणी थंडीने काकडल्याशिवाय उघडायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पुन्हा कालचे ओले, गार कपडे अंगावर चढवायचे आणि कोरडा जोड पिशवीत. अंगावर काटा येतो, हे मान्य. दहा मिनिटं चाललं की जातो. कोरडे घालून निघालात तर अर्ध्या तासात दोन्ही जोड ओले आणि रात्रीसाठी काहीच नाही.

त्या दिवशी उधेवाडीत पोचलो तेव्हा ज्यांच्याकडे उतरलो त्या आजी दारातच म्हणाल्या, "पोरींनो, आधी वलं काढा, च्या मागनं." आम्ही चहासाठी चुलीपाशी सरसावलो होतो. त्यांनी आत बोट दाखवलं आणि आम्ही कपडे बदलून येईपर्यंत आधण ठेवलंच नाही. हाच क्रम बरोबर आहे. ओल्या कपड्यांनी शेकत बसलं की पुढून चटके आणि पाठीला हीव.

थंडी वाजायला लागली तर

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. त्यामुळे बर्फ नाही, तापमान १६-१७ अंश आहे, तरी ओल्या अंगावर वारा लागला की शरीराचं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. हुडहुडी भरणं ही पहिली सूचना. त्यानंतर बोटांनी बटण न लागणं, पाय अडखळणं, बोलणं जड होणं, उगाच चिडचिड. हुडहुडी थांबली आणि माणूस सुस्तावला, "मला इथेच बसू द्या" म्हणायला लागला, तर तो बरा झालेला नाही, ती गंभीर अवस्था आहे. वाऱ्यातून आडोशाला आणा, ओलं सगळं काढा, अंग पुसून कोरडा जोड घाला, डोकं झाका, खाली जमिनीवर सॅक किंवा चटई घाला. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा. दारू बिलकूल नाही. आणि खाली न्यायची, मदत बोलवायची व्यवस्था लगेच सुरू करा.

दुसरी बाजू पाण्याची. भिजलेल्या माणसाला तहान लागत नाही, पण घाम तेवढाच जातो. पोटऱ्यांत गोळे येतात ते बहुतेक परतीच्या उतारावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. तहान नसली तरी दर अर्ध्या तासाला चार घोट, दिवसातून एक-दोनदा मीठ-साखर-लिंबाचं पाणी.

परत आल्यावर

जॅकेट त्याच रात्री उलटं करून टांगा, आतली बाजू बाहेर. कुबट वास येतो तो घामाचा आणि बुरशीचा, पावसाचा नव्हे. धुताना सौम्य द्रव साबण थोडासा, आणि दोनदा खळबळून काढा, कारण कापडात राहिलेला साबणच पाणी ओढतो. पावडर, ब्लीच आणि कपडे मऊ करणारी सुगंधी द्रावणं नकोत. पूर्ण वाळल्यावर, लेबलवर परवानगी असेल तर, वर पातळ सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने पाणी झटकण्याची ती प्रक्रिया बरीचशी परत जागी होते. मग नळाखाली खांदा धरून बघा. थेंब गोल होऊन घरंगळले तर झालं. कापड गडद व्हायला लागलं तर बाजारात मिळणारा पाणी झटकणारा स्प्रे मारायची वेळ आली.

हिमालयात हे जसंच्या तसं लागू नाही

आपल्याकडचे बरेच जण जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात, म्हणून सांगते. घांगरिया हे तिथलं मुक्कामाचं गावच मुळात ३,००० मीटरच्या वर आहे, आणि हेमकुंडचा चढ तिथून आणखी हजार मीटरहून जास्त. तिथल्या गार पावसात टीशर्टवर भिजत चढायचं नाही. तिथे वाफेचा दाब तुमच्या बाजूने असतो, जॅकेट आपलं काम बऱ्यापैकी करतं, आणि वॉटरप्रूफ पँटही लागते. मात्र वेग आणखी कमी, आतला थर एकच आणि पातळ, लोकरीचा असला तर उत्तम, कारण लोकर ओली झाली तरी ऊब पूर्ण सोडत नाही. जाड फ्लीस (उबदार सिंथेटिक कापडाचा थर) घालून त्यावर जॅकेट चढवून चढणारे तिथेही आतूनच भिजतात आणि वर पोचल्यावर त्यांना बदलायला काही नसतं. फ्लीस सॅकमध्ये, पिशवीत, थांबल्यावर काढायचा.

मावसबहिणीने चौथं जॅकेट घेतलं नाही. तिसरंच धुऊन, मंद इस्त्री फिरवून ती ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच, कोंदिवडे गावाकडून चढणाऱ्या वाटेने आली, या खेपेला जॅकेट सॅकमध्ये आणि अंगावर पातळ टीशर्ट. लेण्यांपासून वर ती पूर्ण भिजली होती आणि मजेत होती. माचीच्या अलीकडे झाडीत थांबून तिने टीशर्ट पिळला, जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावरच्या वाऱ्यात तासभर उभी राहिली. खाली आल्यावर तिनेच बाही उलटी करून दाखवली. अस्तर कोरडं होतं, फक्त मनगटापाशी बोटभर ओल.